बँक स्टेशनजवळचं रोमन देऊळ: पाहुण्यांना दाखवावं का? (लंडन मिथ्रेअम)

तिरफळ

लंडनला येणाऱ्या पाहुण्यांना काय दाखवायचं, हा इथल्या मराठी घरांतला कायमचा प्रश्न. टॉवर ब्रिज, राजवाडा, ब्रिटिश म्युझियम, डॉ. आंबेडकरांचं घर हे ठरलेलंच. पाहुणा दुकानांपेक्षा दगडांत रमणारा निघाला, तर मी त्याला सिटीत, म्हणजे लंडनच्या जुन्या व्यापारी भागात नेतो. तिथे वॉलब्रूक नावाची एक आखूड गल्ली आहे. आजूबाजूला सगळ्या बँका आणि विमा कंपन्या, सुटातली माणसं हातात कॉफी घेऊन पळताहेत. तिथेच ब्लूमबर्ग या आर्थिक माहिती आणि बातम्या पुरवणाऱ्या कंपनीच्या युरोपीय मुख्यालयाच्या तळघरात, रस्त्याच्या पातळीखाली सुमारे ७ मीटरवर, एक रोमन देऊळ आहे. मिथ्रास या देवाचं, म्हणून मिथ्रेअम. प्रवेश फुकट. वेळ आधी ऑनलाइन राखून ठेवलेली बरी.

याची जन्मकथा देवळाइतकीच रंगतदार आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीत हा भाग उद्ध्वस्त झाला. तिथे कार्यालयांची मोठी इमारत उभी राहण्याआधी पुरातत्त्वज्ञ प्रा. ग्राइम्स यांना खणायची मुभा मिळाली. खरं तर त्यांना वॉलब्रूक या बुजलेल्या नदीचं पात्र बघायचं होतं. हाती लागल्या त्या एका देवळाच्या भिंती. १८ सप्टेंबर १९५४ हा खोदकामाचा शेवटचा ठरलेला दिवस, आणि नेमकं त्याच दिवशी संगमरवरात कोरलेलं मिथ्रासचं मस्तक मातीतून वर आलं. रविवारच्या पेपरात फोटो छापून आला आणि लोक लोटले! पुढच्या काही दिवसांत सुमारे ४ लाख लोक ते पाहून गेले. रांगा रस्त्यांना वळसे घालून जात होत्या. युद्धानंतरचे ढिगारे अजून उपसले जात होते, नुकतंच कुठे रेशनिंग संपलेलं, आणि माणसं तासन्‌तास उभी कशासाठी, तर चिखलातल्या जोत्यासाठी. प्रकरण चर्चिल यांच्या मंत्रिमंडळापर्यंत गेलं.

जागा वाचवायची म्हणजे इमारतीचा आराखडा बदलायचा, त्याचा खर्च कोण देणार? शेवटी तडजोड झाली. दगड-विटा काढून वखारीत ठेवल्या आणि १९६२ मध्ये जवळच क्वीन व्हिक्टोरिया स्ट्रीटवर, गाड्यांच्या तळाच्या छतावर, देऊळ पुन्हा मांडलं. उघड्यावर, सिमेंटमध्ये, जमिनीवर फरशीचे वेडेवाकडे तुकडे बसवून. खुद्द ग्राइम्सना ते पसंत नव्हतं. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं लोक त्याच्या बाजूने निघून जात आणि कोणी मान वळवून बघत नसे.

२०१० मध्ये ब्लूमबर्गने जागा घेतली. नव्या इमारतीआधी पुन्हा मोठं उत्खनन झालं, सिमेंटमधून दगड सोडवले आणि १९५४ चे फोटो, नकाशे, टिपणं समोर ठेवून देऊळ खाली, मूळ पातळीला नव्याने बसवलं. नोव्हेंबर २०१७ पासून ते बघायला मिळतं.

आत गेल्यावर आधी भेटते काचेमागची एक उंच भिंत. तिच्यावर ६०० च्या आसपास वस्तू लावल्या आहेत. चपला, सुया, नाणी, अंबरात कोरलेलं ग्लॅडिएटरच्या शिरस्त्राणाचं बोटभर तावीज. मग जिना, मग अंधार. तुमच्या गटाला एकदमच देवळात सोडतात. पावलांचे आवाज, लॅटिन मंत्रघोष, हवेत धूसर वाफ, आणि त्या वाफेत वरून पडणाऱ्या प्रकाशाचे खांब उभे राहतात. खरे खांब कधीच गेलेले. त्यांच्या जागी उजेड. मिनिटभर कळत नाही की भिंत कुठे संपते. मग दिवे येतात आणि समोर असतं ते कमरेच्या आतबाहेरचं बांधकाम: मधला लांबट गाभा, दोन बाजूंना बसायच्या ओट्यांची जागा, टोकाला अर्धगोल.

आता माझं मत. देऊळ छान आहे, पण त्यासाठी एवढ्या लांब नेऊ नये. न्यावं ते लाकडी पाट्यांसाठी. २०१० नंतरच्या उत्खननात ४०० हून जास्त पाट्या मिळाल्या. फरच्या लाकडाच्या, बऱ्याचशा जुन्या पिंपांच्या फळ्यांतून कापलेल्या. मधला भाग खोलगट, त्यात काळं मेण भरायचं आणि अणकुचीदार सळीने लिहायचं. मेण केव्हाच गेलं, पण जोरात लिहिणाऱ्यांची सळी लाकडापर्यंत पोचली होती. त्या ओरखड्यांवरून जुन्या लॅटिन लिखाणाचे तज्ज्ञ रॉजर टॉमलिन यांनी मजकूर लावला. एकीवर तारीख आहे: ८ जानेवारी इ.स. ५७. टिबुलस नावाचा, गुलामगिरीतून सुटलेला एक माणूस लिहून देतोय की ग्रातुसकडून माल घेतला, त्याचे १०५ डेनारी (रोमन चांदीची नाणी) देणं आहे. ब्रिटनमधला तारीख असलेला हा सगळ्यात जुना हस्तलिखित कागद, म्हणजे लाकूड. देव नाही, राजा नाही, उधारी!

तुम्ही अशी शहराच्या मध्यातली उत्खननं कुठे पाहिलीत? आवडली की पैसे (किंवा वेळ) फुकट गेले? लिहा.

गोधडी

मस्त! वाचनखूण साठवली. मे महिन्यात येतोय, तेव्हा नक्की. सासूबाईंचे गुडघे दुखतात, खाली उतरायला लिफ्ट आहे का?

तिरफळ

आहे ताई. फक्त देवळाच्या भागात अंधार असतो, त्यांचा हात धरून राहा.

सदाशिवपेठी

लेख चांगला उतरलाय, पण मुळात एक शंका. १९५४ ला उचकटलं, १९६२ ला दुसरीकडे मांडलं, तिथून पुन्हा उचकटलं, आता नवीन चुन्यात बसवलं, वर खांब उजेडाचे आणि मंत्र टेपवरचे. यातलं उत्खनन नेमकं कुठे आहे? हे तर प्रदर्शनातलं मॉडेल झालं, फक्त विटा जुन्या.

आमच्या शनिवारवाड्यात १८२८ च्या आगीनंतर दरवाजा, तटबंदी आणि जोतीच उरली. पण जी जोती आहेत ती जिथल्या तिथे आहेत. गणेश महाल इथे, आरसे महाल तिथे, असं बोट दाखवता येतं. ते खरं.

कोपऱ्यातला

शनिवारवाड्यात प्रकाश-ध्वनी कार्यक्रम असतो तो विसरलात की सोयीस्कर वगळलात? :)

सदाशिवपेठी

तो मी पाहिलेला नाही. तिकीट काढून डास चावून घ्यायची हौस नाही.

खापरी

मी पुरातत्त्व शिकलेय, त्यामुळे राहवत नाही. सदाशिवपेठींचा मुद्दा रास्त आहे, पण ‘जिथल्या तिथे’ हे वाटतं तितकं सरळ नसतं.

पहिलं म्हणजे, मिथ्रेअमचे काही मूळ अवशेष अजूनही जमिनीत तसेच आहेत. १९५४ मध्ये सगळं निघालं नव्हतं. ते दाबले जाऊ नयेत म्हणूनच आताचं देऊळ मूळ जागेपासून थोडं पश्चिमेला सरकवून मांडलंय. म्हणजे लोकांना दिसतं ते हलवलेलं आहे आणि जे हललेलं नाही ते लोकांना दिसत नाही. मला यात प्रामाणिकपणा दिसतो.

दुसरं, सिमेंट. १९६२ च्या मांडणीतला सगळ्यात मोठा घोटाळा तोच. सिमेंट चुन्यापेक्षा फार कडक. एकदा धरलं की सोडत नाही. काढायला गेलात तर विटेचा कोपरा घेऊन येतं. चुना मऊ, तो श्वास घेऊ देतो, उद्या कोणाला आणखी चांगली माहिती मिळाली तर त्याला पुन्हा सोडवता येतो. आपल्याकडे किल्ल्यांच्या डागडुजीत सिमेंट थापलेलं बघते तेव्हा पोटात कालवतं.

तिसरं, ओल. पाट्या, चामड्याच्या चपला, वेताच्या विणीचे तुकडे हे सगळं टिकलं कारण वॉलब्रूकचा चिखल कायम पाण्याने भरलेला आणि आत हवा नाही. हवा नाही म्हणून कुजवणारे जीव नाहीत. जे लाकूड पावणेदोन-दोन हजार वर्षं टिकलं ते उघड्यावर काढून नुसतं ठेवलं तर वाळून तडकतं, आक्रसतं. म्हणून काढल्या काढल्या पाण्यात ठेवायचं, साफ करायचं, मग गोठवून हळूहळू पाणी काढायचं. ‘जसंच्या तसं ठेवा’ म्हणणाऱ्यांनी सांगावं, चिखलासकट कसं दाखवणार?

सदाशिवपेठी

चुन्याचं पटलं. सरकवण्याचंही अर्धं पटलं. पण मग दारावर ठळक लिहा की हे मूळ जागी नाही.

तिरफळ

लपवलेलं नाहीये. देवळाची सगळी फिरती तिथे सांगितलेली आहे. लोक वाचत नाहीत तो भाग वेगळा.

उन्हाळी पाऊस

माझं मत जरा वेगळं. मला तो वाफ-उजेडाचा भाग अजिबात नाही आवडला. त्या पंथाचे विधी कोणी लिहून ठेवलेले नाहीत. जे कळतं ते चित्रं, शिल्पं आणि भिंतीवरच्या खरडण्यातून. मग कानात मंत्र घालून आपण लोकांना ‘असंच होतं’ असं भासवतो की नाही? शेजारी एक काका दिवे आल्यावर म्हणाले, झालं? एवढंच? त्यांचाही दोष नाही. एवढी नांदी झाल्यावर नाटक हवं.

वस्तूंची भिंत मात्र तासभर बघत उभी होते.

खापरी

मंत्रांबद्दल अर्धं मान्य. पण अंधाराबद्दल नाही. मिथ्रासची देवळं बहुधा खिडक्या नसलेली, अर्धी जमिनीत. देवाने गुहेत बैल मारला अशी कथा, म्हणून देऊळही गुहेसारखं. १९६२ चं देऊळ भर उन्हात होतं आणि तिथेच त्याचा जीव गेला. अंधारात ठेवलं हे पुराव्याला धरूनच आहे.

दर्यासारंग

मिथ्रास म्हणजे आपला ऋग्वेदातला मित्र ना? मित्रावरुण? म्हणजे लंडनमध्ये वैदिक देऊळ!!

कोपऱ्यातला

आला. मी वाटच बघत होतो.

खापरी

दर्यासारंग, नाव एकाच मुळातलं आहे. इराणी मिथ्र आणि वैदिक मित्र हे सख्खे. पण रोमन सैनिक आणि व्यापारी ज्याला भजत तो पंथ इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या शेवटी रोमन साम्राज्यातच आकाराला आला. बैल मारणारा देव, फक्त पुरुषांना प्रवेश, दीक्षेच्या सात पायऱ्या: कावळा, नवरी, सैनिक, सिंह, इराणी, सूर्यदूत आणि शेवटी पिता. यातलं वेदांत काही नाही. लंडनचं देऊळ साधारण इ.स. २४० चं. नावाचं नातं आहे, एवढ्यावर थांबूया. चर्चा भलतीकडे नको.

दर्यासारंग

बरं बरं. पण बायकांना प्रवेश नव्हता हे वाचून घरी चर्चा सुरू झालीये.

लिंबूटिंबू

मुलांना नेण्यासारखं आहे का? आमची दोघं ‘दगड’ हा शब्द ऐकला की मोबाइल काढतात.

तिरफळ

चालेल. वस्तू शोधायला टॅब मिळतात, त्यात रमतात. अंधाराला लहान मुलं दचकतात कधी कधी. त्यांना आधी पाट्यांची गोष्ट सांगून न्या. एका पाटीवर कोणीतरी नुसती मुळाक्षरं लिहिली आहेत, बहुतेक गिरवायला. दुसरीवर २१ ऑक्टोबर इ.स. ६२ ची तारीख आहे: वेरुलेमियमहून, म्हणजे आजच्या सेंट ऑल्बन्सहून, लंडनला सामानाच्या वीस खेपा आणून देण्याचा करार. इ.स. ६०-६१ मध्ये राणी बौदिकाच्या रोमनांविरुद्धच्या बंडात ही दोन्ही गावं जाळून बेचिराख केली होती, आणि लगेच वर्ष-दोन वर्षांत मालवाहतुकीचे करार सुरू! बंडाची राख लंडनच्या मातीत लालसर थर म्हणून अजून सापडते. इतिहासाच्या पुस्तकात आपण ‘शहर नष्ट झाले’ वाचून पान उलटतो. व्यापारी उलटत नाहीत.

लिंबूटिंबू

हे आवडेल त्यांना. जाळपोळ असली की ऐकतात.

वडवानल

सिटीत गेलातच तर पुढचंही करा. गिल्डहॉल आर्ट गॅलरीच्या तळघरात रोमन रंगमंडल आहे, म्हणजे झुंजींची गोल रिंगणाची जागा. १९८८ मध्ये गॅलरी बांधायला पाया खणताना सापडली, २००२ पासून लोकांना खुली. वर अंगणातल्या फरशीत काळ्या दगडाची मोठी वक्र रेघ आहे, ती खालच्या रिंगणाची हद्द. लोक त्या रेघेवर उभं राहून फोटो काढतात आणि त्यांना ठाऊक नसतं की पायाखाली काय आहे. खाली मूळ दगडी भिंती जिथल्या तिथे, आणि लाकडी गटारही. सदाशिवपेठी, हे तुमच्यासाठी. काहीही सरकवलेलं नाही.

आणखी एक गंमत. लेडनहॉल मार्केटच्या कोपऱ्यावर एक केशकर्तनालय आहे, त्याच्या तळघरात रोमन बॅसिलिकेच्या, म्हणजे मोठ्या सार्वजनिक सभागृहाच्या, भिंतीचा तुकडा काचेमागे आहे. केस कापून घ्यायला गेलात की रोम बघून या.

सदाशिवपेठी

गटार जिथल्या तिथे हे वाचून बरं वाटलं. हे मी बघेन.

मेथीदाणा

अथेन्सला सिंताग्मा मेट्रो स्टेशनवर भिंतीएवढ्या काचेमागे मातीचे थरच दाखवलेत. वरून खाली थर, त्यात मातीचे पाण्याचे नळ, एक थडगं. लोक ट्रेन पकडायला पळताहेत आणि बाजूला अडीच हजार वर्षं उभी. तिकीट मेट्रोचं, बाकी फुकट.

थेस्सालोनिकीची मेट्रो तर यामुळेच वर्षानुवर्षं रखडली. वेनिझेलोस स्टेशनच्या जागी रोमन-बायझंटाइन काळातला फरसबंद रस्ता आणि चौकच निघाला. जागेवर ठेवून स्टेशन बांधायचं की उचलून परत आणायचं यावर कोर्टकचेऱ्या झाल्या. शेवटी तुकडे करून उचललं आणि स्टेशन झाल्यावर परत बसवलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मेट्रो सुरू झाली. पुरातत्त्वज्ञांत अजून दोन तट आहेत.

खापरी

माझ्या मते थेस्सालोनिकीत उचलायला नको होतं. लंडनला १९५४ मध्ये पर्याय सुचत नव्हता, तंत्र नव्हतं, पैसा नव्हता. २०२० च्या दशकात ती सबब चालत नाही.

वडवानल

मेट्रो कधी झाली असती मग? लोकांनी बसमध्येच म्हातारं व्हायचं का?

खापरी

स्टेशन थोडं हलवता येतं. रस्ता हलवला की तो रस्ता राहत नाही, दगड राहतात.

सदाशिवपेठी

खापरी, हेच मी लंडनबद्दल पहिल्या प्रतिसादात म्हटलं होतं!

खापरी

हो, म्हटलं होतंत. लंडनमध्ये मात्र तो निर्णय २०१० मध्ये हातात नव्हता. आजोबांनी विकलेली जमीन नातवाला तेवढीच परत घेता येते.

पंचगंगा

तुमचं रोम-लंडन चालू द्या, पण कोल्हापूरकर म्हणून एक सांगतो. आमच्या गावातच ब्रह्मपुरीची टेकडी आहे, पंचगंगेच्या काठावर. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी तिथे उत्खनन केलं. सातवाहन काळातली विटांची घरं मिळाली. आणि त्या टेकडीवरच रोमन बनावटीच्या काशाच्या वस्तू सापडल्या, त्यात पोसायडनची छोटी मूर्ती. समुद्राचा ग्रीक देव, आणि सापडला कुठे तर पंचगंगेकाठी! हात उगारून उभा आहे, हातातला त्रिशूळ कुठेतरी गेला. टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे.

म्हणजे लंडनमध्ये टिबुलस उधारी लिहून देत होता त्याच शतकांत रोमन माल आमच्या गावापर्यंत येत होता. टिबुलसच्या लंडनला तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती.

आता प्रश्न असा की ब्रह्मपुरीवर जाऊन त्या खड्ड्यातलं काय दिसतं? काही नाही. वस्ती आहे. माणसं राहतात, त्यांना कुठे उठवणार. पण निदान एक फलक, एक नकाशा, काचेखाली चार विटा?

गोधडी

मी कोल्हापूरची, माहेर तिथलं, आणि टाउन हॉलला शाळेच्या सहलीत गेलेय. तोफा आठवतात. पोसायडन अजिबात आठवत नाही.

पंचगंगा

सगळ्यांचं तेच होतं ताई. तोफा दाराशी आहेत आणि पोरं तिथेच घोड्यासारखी चढून बसतात.

मेथीदाणा

तेरलाही असंच. हस्तिदंती बाहुली मिळाली तिथे, आणि तशाच घडणीची भारतीय हस्तिदंती मूर्ती ज्वालामुखीने गाडलेल्या पॉम्पेईच्या राखेत सापडली. तेर गावात संग्रहालय आहे, बघण्यासारखं आहे, पण तिथे मुद्दाम वाकडी वाट करून जाणारे किती?

कोपऱ्यातला

पंचगंगा, फरक पैशाचा आहे. लंडनमध्ये ज्याला इमारत बांधायचीय त्याने आधी उत्खननाचा खर्च उचलायचा, ही तिथे बांधकाम परवानगीचीच अट असते. ब्लूमबर्गची श्रीमंती म्हणा, हौस म्हणा, पण नियम नसता तर पाट्या पोकलेनच्या तोंडात गेल्या असत्या. आपल्याकडे पेठेत जुना वाडा पाडून पाया खणतात तेव्हा खाली काय निघालं हे बिल्डर आणि डंपरवाला सोडून कोणाला कळतं?

वडवानल

कळलं तर काम थांबेल ही भीती. म्हणून कोणी सांगत नाही. लंडनचा नियम आपल्याकडे आणायचा तर आधी ही भीती घालवायला हवी: ‘सांगितलंत तर इतक्या दिवसांत उत्खनन आटोपून जागा परत’, असं लेखी.

सदाशिवपेठी

‘इतक्या दिवसांत’ आणि ‘लेखी’. वडवानल, तुम्ही परदेशात किती वर्षं आहात?

तिरफळ

चर्चा छान चाललीये. एक राहिलं: मिथ्रासचं ते १९५४ चं मस्तक आणि बाकीची मूळ शिल्पं वॉलब्रूकला नाहीत. ती लंडन म्युझियमची. त्यांची लंडन वॉलची जुनी इमारत डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाली, संग्रह स्मिथफील्डच्या जुन्या बाजारात हलतोय. जाण्याआधी ते सुरू झालंय का बघा, म्हणजे दोन्ही एका दिवसात होतील. चालत जाण्यासारखं अंतर आहे. ही शिल्पं चौथ्या शतकात कोणीतरी देवळाच्या जमिनीखाली पुरून ठेवली होती, तिथून पुढे देऊळ बहुधा बॅकस या रोमन मद्यदेवाच्या पूजेला लागलं.

पंचगंगा, डिसेंबरात कोल्हापूरला येतोय. टाउन हॉल आणि ब्रह्मपुरी दोन्ही दाखवाल का?

पंचगंगा

या की. सोमवार सोडून या, संग्रहालयाची सुट्टी कधी असते ते मी आधी विचारून ठेवतो. ब्रह्मपुरीवर मात्र चहाच पाजीन, दाखवायला काही नाही.

गोधडी

मीही माहेरी असेन तेव्हा. मला पण धरा.